लखू ऑपरेटरचं अळंबं

लखू मिराशीला रामनगरात लखू कुणी म्हणत नसे. ऑपरेटर म्हणत. टॉकीज बंद पडलं, तंबूचं कापड उंदरांनी खाल्लं, बाकडी लोकांनी जळणाला नेली, मशीनवरची पत्र्याची खोली तेवढी उरली, तरी हा ऑपरेटरच. त्याची बायको केशर म्हणून ऑपरेटरीण. हे नाव कानावर आलं की हाक मारणाऱ्याच्या अंगावर कढईतलं तेल ओतावं असं तिला वाटे. ऑपरेट काय करतो हा माणूस? तिच्या हॉटेलातलं बाकडं झिजवतो.

हॉटेल म्हणजे बेळगाव-गोवा रस्त्यावरचं चार पत्र्यांचं खोपट. पहाटेपासून ट्रकवाले यायचे, त्यांना चहा, भजी आणि उसळ-पाव. उठायचं केशरनं, चूल पेटवायची केशरनं, उसन्या हसण्यानं ड्रायव्हरांना बसवून घ्यायचं केशरनं. लखू अंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून आठाच्या सुमाराला बाकड्यावर येऊन बसे आणि पहिला चहा स्वतः पिई. मग बोलायला लागे.

बोलायला त्याच्यापाशी एकच विषय होता, कार्बन. तो मूळचा जुन्या सुप्याचा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा लोकांनी घराची कौलं, दारं, देव असं काय काय डोक्यावर घेऊन रामनगर गाठलं. लखू तेव्हा घरी नव्हताच. तो टूरिंग टॉकीजच्या मागे रिळांच्या पेट्या उचलत फिरत होता. पुढे लोंढ्याच्या एका म्हाताऱ्या ऑपरेटरने त्याला मशीनवर घेतलं आणि विद्या दिली. विद्या कसली? सिनेमाच्या मशीनमागे एक लोखंडी पेटी असते. तिच्यात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, इंजिनाची वीज सोडायची, टोकाला टोक लावून मागे घ्यायचं. मधल्या फटीत सूर्यासारखा जाळ उभा राहतो, तोच उजेड पडद्यावर जातो. कांड्या जळत जातात तसतशा पेटीबाहेरची फिरकी, तिला कान म्हणत, तो पिळून पुढे सरकवायच्या आणि फट करंगळीच्या नखाएवढी राखायची. संपली विद्या. ट्रकवाल्याचा क्लीनर याहून जास्त शिकतो.

पण यात एक मानापमानाची जागा होती, आणि लखूचं सगळं आयुष्य त्या जागेवर उभं होतं. फट कमी झाली तर उजेड पिवळा पडतो, जाळ फुसफुसतो आणि बारीक कांडीच्या टोकावर काळी गाठ उगवते. थेट पावसातल्या अळंब्यासारखी, देठ आणि टोपी. पडदा पिवळा झाला की तंबूतून ओरडा सुरू व्हायचा. कुणी शिट्ट्या मारी, कुणी मशीनच्या खोलीवर खडे मारी. ज्याच्या कांडीला अळंबं आलं तो ऑपरेटर न्हवं, हमाल, असं लोंढ्याच्या म्हाताऱ्यानं सांगून ठेवलं होतं. 'माझ्या कांडीला अळंबं कुणी बघितलं न्हाई,' असं लखू चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगे.

हे धादांत खोटं होतं. टीव्ही घराघरांत आला, तंबूत मोजकी माणसं यायला लागली, तेव्हा शेवटच्या वर्षात लखू मशीन चालू करून बाहेर बिडी ओढत बसे. आत अळंबी उगवत. खेळ संपला की तो ती थोटकं गुपचूप एका पत्र्याच्या डब्यात टाकी. टॉकीज बंद झालं तेव्हा तो डबा भरलेला होता. केशरला हे ठाऊक होतं, कारण त्यातलंच एकेक थोटूक काढून ती हॉटेलच्या चुन्याच्या भिंतीवर रोजचे जिन्नस लिहायची. खडूपेक्षा बरं उठतं.

तर अशा एका सकाळी, सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्याच्या शेवटी, बेळगावच्या एका कॉलेजातले हुद्दार सर गोव्याला जाताना चहाला थांबले. हुद्दार सर म्हणजे बोलताना डोळे मिटून घेणारा माणूस. समोरच्याला कळलं नाही की त्यांना मनापासून बरं वाटे. चहा थंड आहे म्हणून सांगायला ते उठले आणि केशरच्या हातातल्या थोटकाकडे बघतच राहिले.

"हे काय आहे?"

"भिंतीवर लिवायचं."

"ते कळलं. आलं कुठून?"

बाकड्यावरून लखू उठला. कुणीतरी त्याला विचारावं म्हणून तो चार वर्षं बसलेला. तासभर बोलला. सरांनी गोव्याची गाडी पुढे धाडली, थोटूक रुमालात गुंडाळलं आणि उलट्या वाटेच्या बसने बेळगाव गाठलं. चहाचे पैसे लखूनं घेऊ दिले नाहीत. केशरने काजळीच्या बोटाने ते भिंतीवर लखूच्या नावावर लिहिले.

पंधरवड्याने सर परत आले ते फुललेले. बाकड्यावर बसून त्यांनी डोळे मिटले.

"मिराशी, आपला टीव्ही मागे एवढा पोटाळू का असतो, सांगा."

"आमी टीव्ही बघत न्हाई, सर. आमच्या पोटावर पाय आणला त्यानं."

"तरी ऐका. मागे काचेच्या नळीच्या गळ्यात एक तुकडा तापवावा लागतो. तापला की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात, पुढच्या पडद्यावर आपटतात, तिथलं चूर्ण चमकतं. एकाच गळ्यातून साऱ्या पडद्यावर मारा करायचा, तर लांबून करावा लागतो. म्हणून ते पोट. आता तुमच्या अळंब्याच्या गाभ्यात काय आहे? कार्बनच्या पोकळ नळ्या. केसाहून हजारो पट बारीक. त्यांचा काचेवर पातळ थर द्यायचा, समोर जवळच पडदा ठेवायचा, मधली हवा काढून टाकायची आणि विजेचा दाब लावायचा. नळ्यांची टोकं इतकी अणकुचीदार, की इलेक्ट्रॉन थंडपणीच उडी मारतात. तापवणं नाही. प्रत्येक ठिपक्यामागे त्याच्या स्वतःच्या नळ्या. मग पोट हवंच कशाला? टीव्ही पाटीएवढा चपटा. भिंतीला टांगा."

"म्हंजे चूल न पेटवता भात," केशर कढईतली भजी उलटत म्हणाली.

"अगदी तसंच, बाई."

"मग आदी भात दावा. पंगतीचं आवतन मग."

सरांनी डोळे उघडले. बायकांनी मधे बोलावं हे त्यांच्या शास्त्रात बसत नसावं. "दाखवलाय," ते म्हणाले. "तुमच्या त्या एका थोटकातून नखाएवढा हिरवा ठिपका उजळला. थरथरत होता, पण उजळला. आता सोमवारी बाहेरची समिती येणार आहे बघायला. मला तळहाताएवढा थर हवा. त्याला पुष्कळ अळंबी लागतील. मिराशी, आहेत?"

सरांना वाटलं, लखू आनंदाने डबा आणेल. लखूचा चेहरा मात्र पडला. अळंबी आहेत म्हणायचं तर आयुष्यभर मारलेल्या बढाईचं काय?

"डबाभर हायत," केशर म्हणाली.

"जशी आहेत तशी ठेवा. हात लावू नका. गुरुवारी येतो." मग सर आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आमच्याकडे प्रयोगशाळेत अटेंडरची जागा रिकामी आहे. कायमची. आर्क, म्हणजे तुमचा तो कांड्यांमधला जाळ, पेटवणारा माणूस मला लागणारच. सोमवारचं पार पडलं की मी शब्द टाकतो."

केशरचा झारा हातातल्या हातात थांबला. अटेंडर. कायमची जागा. बेळगावात खोली, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि मुख्य म्हणजे हा माणूस रोज सकाळी घराबाहेर. चपटा टीव्ही होवो न होवो, तिला त्याचं काही नव्हतं. भिंतीला टांगलेला टीव्ही बघून माणसं शहाणी होणार होती थोडीच. पण ती नोकरी तिला हवी होती, आणि इतकी हवी होती की तिचा स्वतःलाच राग आला.

"ऐकलासा न्हवं?" सर गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. "हात लावू नका म्हणालेत."

"मला सांगतीस? मी ऑपरेटर हाय."

"म्हणूनच सांगालोय."

बुधवारी ती नंदिगड्ड्याला गेली. तिचा भाऊ अर्जुन तिथे डोंगराच्या पोटात भात करी. त्याची बायको फुला हाताने चलाख, पण नशिबाने त्या रानात अडकलेली. वर्षानुवर्षं ती केशरला म्हणायची, वन्सं, मला तुमच्याबरोबर हॉटेलात घ्या की. दोघींपुरतं हॉटेल नव्हतं. आता केशरने तिला सांगितलं, "पुढच्या आठवड्यापासनं हॉटेल तुझं. आमी बेळगावला. भांडी घेऊन शुक्रवारीच ये, दोन दिस संगं राहून शिकून घे." फुला रडायलाच लागली. "रडालीस काय?" केशर म्हणाली. "भजी तळायला दिलीय, राज्य न्हाई." शब्द मात्र दिला, आणि दिलेला शब्द मागे घेणं केशरला माहीत नव्हतं.

ती संध्याकाळी परत आली तर हॉटेलामागच्या गटाराच्या कडेला चिंचेचा चोथा, राख आणि नारळाची शेंडी पडलेली. लखू ओल्या हातांनी बसलेला, समोर लाल फडक्यात बांधलेलं बोचकं. फडकं देवाच्या कोनाड्यातलं होतं.

"काय केलासा?"

"काय न्हाई. बांधून ठेवलो. कॉलेजात जाणार वस्तू, फडक्यात नको?"

त्याने भांडी घासली असतील असं समजून ती आत गेली. नवऱ्याने भांडी घासली, हे आपल्याला खरं वाटावं याचंच तिला पुढे जास्त वाईट वाटलं.

गुरुवारी दिवस कलताना हुद्दार सर एका जीपमधून आले. पाच-सहा माणसं हॉटेलात होती. लखूने बोचकं दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवलं, गाठ सोडली. आत थोटकं एका ओळीत मांडलेली. बारीक कांड्यांवर तांब्याचा मुलामा असतो, तो चिंचेने घासून नव्या कळशीसारखा झळकत होता. आणि प्रत्येक टोक सफाईने तासलेलं.

सरांनी एक उचललं, दुसरं उचललं. डोळे आता मिटत नव्हते.

"अळंबी कुठायत?"

"तुमाला काय घाण द्यायची, सर? खरवडून टाकली. आपल्यात पावण्याला खरकटं भांडं देत न्हाईत."

"टाकली कुठे?"

"गटारात. पाणी वतून धुवून काढलंय, काळजी करू नका."

एक ड्रायव्हर फिस्सकन हसला. केशरने त्याच्याकडे बघितलं तसा तो चहात तोंड घालून बसला. तिला तिथल्या तिथे सगळं कळलं. पाहुण्याचं आणि खरकट्या भांड्याचं सोंग होतं. ह्याला अळंबी कुणाला दिसू द्यायची नव्हती. कॉलेजातल्या माणसांनी ती हातात घेऊन बघायची, म्हणजे लोंढ्याचा म्हातारा ज्याला हमाल म्हणायचा तो हाच, हे काचेखाली धरून सिद्ध व्हायचं. नोकरी जाईना का, नाक वर राहिलं पाहिजे.

"सर," ती म्हणाली, "अळंबं परत उगवतंय की. मशीन हाय. इंजिन हाय."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हे सुचलं नव्हतं. शिकलेली माणसं पहिल्या धक्क्याला नेहमी हताश होतात, दुसऱ्याला संतापतात. उपाय काढायचा तो ज्याची गरज नडलेली त्यानेच. "आहे," ते पुटपुटले. "जवळ धरून जाळायचं. भरपूर वेळ. मिराशी, नव्या कांड्या आहेत?"

नव्या कांड्यांचा शेवटचा एक जोड होता. थोटकं पुन्हा पकडीत बसत नाहीत, एवढी आखूड. म्हणजे जे उगवायचं ते या जोडावर. सरांनी जीपमधलं डिझेल काढून दिलं. लखूने पत्र्याच्या खोलीचं कुलूप उघडलं, मशीनला हात जोडले, कांड्या बसवल्या. सरांनी त्याला दोनदा समजावलं, "फट कमी ठेवा. अगदी कमी. उजेड पिवळा पडू द्या, फुसफुसू द्या. आणि पुढचं झाकण बंदच ठेवा. आपल्याला उजेडाशी काही करायचं नाही."

"कळलं, सर," लखू म्हणाला.

"दात खाऊन कळवून घ्या," केशर म्हणाली. "दीड तास. दीड तास तेवढं वाईट ऑपरेटर व्हा."

इंजिन सुरू झालं, आणि इथेच घात झाला. चार वर्षांनी टॉकीजचं इंजिन वाजलं म्हणताना बाजारातली माणसं उठून आली. भाजीवाल्या आल्या, बसची वाट बघणारे आले, पिठाच्या गिरणीतला परशू पांढऱ्या भुवयांनिशी आला. तंबू नव्हता, पण समोर गिरणीची चुन्याची लांब भिंत होती. लोक ज्याच्या त्याच्या जुन्या सवयीने तिच्याकडे तोंड करून मातीत बसले.

"ऑपरेटर, कुठला पिच्चर?"

लखूने आतून वाकून बघितलं. दिवेलागण झालेली, माणसं रांगा धरून बसलेली. केशर दाराशी उभी होती. तिने त्याचा चेहरा बघितला. लग्नात तिच्या गळ्यात माळ घालतानाही त्याचा चेहरा एवढा उजळला नव्हता.

"झाकण उघडू नका हं," ती म्हणाली.

त्याने झाकण उघडलं. "माणसं बसलीत की गे," तो म्हणाला.

गिरणीच्या भिंतीवर पिवळा, गढूळ, थरथरता डाग पडला. पेटीत जाळ फुसफुसत होता. सर हिरव्या काचेतून आत बघत होते. "छान," ते म्हणाले, "धरतंय. टोकावर धरतंय. असंच ठेवा."

बाहेर माणसं सरसावून बसली. मग एक शिट्टी.

"ए ऑपरेटर, झोपलास काय रं!"

"कार्बन! कार्बन!"

"काविळीचा पिच्चर हाय व्हय?" हा परशू. भिंतीसमोरची सगळी माणसं हसली.

लखूचा हात पेटीच्या कानावर होता. केशरने बघितलं, बोटं हलली. "नका," ती म्हणाली. सरही ओरडले, "हात काढा!" पण पत्र्यावर एक खडा येऊन टणकन वाजला, आणि लखूने कान पिळला. फट उघडली. गिरणीची भिंत अशी पांढरीशुभ्र झाली की तिच्यावरच्या पाली दिसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर चित्र नाही, नाच नाही, गाणं नाही. नुसती उजळलेली भिंत, आणि माणसं टाळ्या वाजवत होती. अशा लोकांसाठी सरांना चपटा टीव्ही करायचा होता.

"धरलेलं जळून गेलं!" सर म्हणाले. "परत जवळ घ्या."

परत जवळ घेतलं, परत पिवळं, परत हुर्यो. लखूने या वेळी केशरकडे बघितलंसुद्धा. काकुळतीने बघितलं. तिने ओठांनी 'अटेंडर' म्हटलं. त्याने मान हलवली, काही क्षण धीर धरला, आणि बाहेरून कुणी तरी, "ऑपरेटर न्हवं, हमाल हाय त्यो," म्हणालं, तसा त्याने पुन्हा कान पिळला. मग त्याने सरांचं ऐकायचं सोडूनच दिलं. कांड्या संपेपर्यंत त्याने ती फट करंगळीच्या नखाएवढी राखली. जाळ एकदासुद्धा हलला नाही. लोकांनी उजेडात हात धरून भिंतीवर कुत्रे नाचवले, ससे नाचवले, परशूने अंगावरचं पीठ झटकून धुकं केलं. शेवटी कांड्या थोटकं झाल्या आणि उजेड गेला.

टोकं स्वच्छ होती.

हुद्दार सरांनी ती रुमालात घेतलीही नाहीत. "तुमच्यासारख्या माणसांमुळे या देशात—" असं काहीतरी ते म्हणाले. वाक्य पुरं करायला त्यांना क्रियापद सापडलं नाही. दिवा न तापवता उजळवणाऱ्या माणसाला एका ऑपरेटरला ताब्यात ठेवता येऊ नये, हे केशरने मनात नोंदवलं. दुसऱ्या कुणाकडून अळंबी मिळवायची तजवीज न करता सोमवारची तारीख ठरवणारा हा शहाणा, आणि अळंबी गटारात ओतणारा तो शहाणा. जागा सरांनी पुढे त्यांच्या साडूच्या मुलाला दिली. ती तशीच जायची होती की काय, हा प्रश्न नंतर कुणी काढला तर केशर म्हणे, "असंल. पण आमी त्येंच्यावर ढकलायला जागा ठेवली न्हाई न्हवं."

त्या रात्री माणसं हॉटेलात दाटली. लखूला खांद्यावर थापा बसत होत्या. "सर पाया पडालते," तो सांगत होता. "मी म्हटलं, पगार ठेवा तुमचा. पिवळा उजेड आमच्या हातनं पडायचा न्हाई." केशर भजी तळत राहिली. त्या दिवशी धंदा मात्र चांगला झाला, तेवढं खरं.

शुक्रवारी सकाळच्या बसमधून फुला उतरली. डोक्यावर पातेली, काखेत कढई, आणि अंगावर लग्नातलं लुगडं. लखू बाकड्यावरून उठला आणि तिला बघून पुन्हा बसला.

"वन्सं, आलो," फुला म्हणाली. मग तिला चेहरे दिसले. "काय झालं?"

"बेळगाव रद्द," केशर म्हणाली.

फुला पातेली घेऊन तशीच उभी राहिली. परत जाणारी बस अजून सुटली नव्हती. तिने त्या बसकडे बघितलं.

"ठेव ती खाली," केशर म्हणाली. "शब्द दिलोय मी. चूल तुझी, कढई तुझी. मी चहा बघतो. दोघींचं भागंल."

"आणि दाजी?"

केशरने हात पुसले, आत जाऊन लखूची पिशवी आणली. त्यात दोन शर्ट, घोंगडं आणि बिडीचं बंडल होतं. ती तिने रात्रीच भरून ठेवली होती.

"अर्जुनाचं भात पिकायला आलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "रानात मचाण बांधलंय. गवे उतरालेत. फुला हिकडं आली म्हणताना राखायला त्येला माणूस पायजे. सुगी होस्तोवर तुमी तिथं."

"मी? मचाणावर?" लखूने भोवताली बघितलं. बाकड्यावर दोन ड्रायव्हर होते, दोघांनी नजर पेल्यात घातली. "गे केशर, मी ऑपरेटर—"

"व्हय तर. बॅटरी ठेवलीय पिशवीत. गवा आला की त्येच्या तोंडावर उजेड मारायचा. पांढरा मारा, पिवळा मारा, त्यो शिट्टी वाजवत न्हाई."

कंडक्टरने घंटी दिली. लखू इस्त्रीच्या शर्टात बसमध्ये चढला, खिडकीशी बसला. कुणीतरी ओळखून "ऑपरेटर, कुठं?" म्हणून हाक मारेल म्हणून त्याने थोडा वेळ मान बाहेर ठेवली. कुणी मारली नाही. बस नंदिगड्ड्याच्या वाटेला लागली.

केशरने फुलाला डाळीच्या पिठाचा डबा दाखवला आणि म्हणाली, "मीठ बेतानं. ट्रकवाले पाणी मागतात फुकट."